कुवेतहून कायमचे परत आलेले मिस्टर अजून ‘सुट्टीवर आलोय’ सांगतात : एका ताईंच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागेल म्हणून थोडक्यात परत लिहिते. मिस्टर २२ वर्षं कुवेतला, एसी टेक्निशियन म्हणून गेले, फोरमन झाले, कंपनीने कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही म्हणून सात महिन्यांपूर्वी कायमचे घरी आले, खेडजवळच्या गावात. पहिले दोन महिने मजेत गेले. आता रात्री झोप नाही, दिवसभर मोबाईल, बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड, किराण्याच्या बिलाचासुद्धा हिशोब मागणं, आणि घराबाहेर पडत नाहीत. मुलगा १९ चा, बापाशी बोलत नाही, एकदा तोंडावर म्हणाला की इतकी वर्षं आम्ही आमचं बघितलंच ना. सासूबाई म्हणतात कुणीतरी काहीतरी केलंय. तुम्हाला विचारायचंय की हे डिप्रेशन आहे का, आणि ते परत जायचं म्हणतायत तर जाऊ द्यावं का.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, रत्नागिरी जिल्ह्यातच काम करते, आणि आमच्याकडे येणाऱ्यांमध्ये गल्फहून आलेले किंवा त्यांच्या घरचे बरेच असतात. इथे चार ओळी वाचून निदान करता येत नाही, करूही नये, त्यामुळे डिप्रेशन आहे की नाही हे मी सांगणार नाही, ते कसं तपासायचं ते खाली लिहिते. पण तुमच्या प्रश्नात एक वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेलात, की गावात कुणी विचारलं तर अजूनही ‘सुट्टीवर आलोय’ असंच सांगतात. मला विचाराल तर चिडचिड, हिशोब, मुलाचा अबोला हे सगळं त्याच्या नंतर येतं. आधी हे.

विचार करा ना, २२ वर्षं ते घरी आले की पहिल्या दिवसापासून लोक काय विचारायचे? कधी आलास, आणि लगेच, कधी जाणार. कोकणात गल्फवाल्याला हे दोनच प्रश्न असतात, एसटी स्टँडवर, दुकानात, लग्नात, मयताला गेला तरी. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण ज्याला आता जायची तारीखच नाही त्याला हा प्रश्न रोज बोचतो. पहिले दोन महिने ‘सुट्टीवर आलोय’ खपून गेलं कारण त्यांची सुट्टी दोन महिन्यांचीच असायची, तुम्हीच लिहिलंय. तिसऱ्या महिन्यात कुणीतरी म्हणालं असणार की अरे यावेळी मोठी सुट्टी मिळाली. आता सात महिने झाले, आता हे सांगणंच अवघड झालंय, मग बाहेर पडणंच बंद. तुम्हाला वाटतंय की त्यांना माणसं नकोशी झालीयेत, मला वाटतं त्यांना तो प्रश्न नकोय. याच्यात फरक आहे आणि तो उपयोगाचा आहे, कारण प्रश्नाचं उत्तर तयार करता येतं.

हे लपवणं आपल्याकडे काही नवीन नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार, त्यातले कितीतरी आपले कोकणातले, आणि ते गावाला आले ते ‘संप मिटला की जाणार’ म्हणून आले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, पण गिरण्या काही त्यांच्यासाठी परत तशा सुरू झाल्या नाहीत. आमच्या भागातली जुनी माणसं अजून सांगतात की अमक्याचे वडील किती वर्षं ट्रंक भरूनच ठेवायचे. घर चालायचं मनीऑर्डरवर, त्यामुळे घरात मान मनीऑर्डर पाठवणाऱ्याला, आणि ती बंद झाली की माणसाला स्वतःलाच कळत नाही आपण आता घरात कोण. तुमच्या मिस्टरांचं तेच चाललंय. दर महिन्याला पैसे पाठवणं हे त्यांचं घरातलं काम होतं, ते संपलं, दुसरं काम कुणी दिलेलं नाही, म्हणून ते हिशोब तपासतायत. तो तुमच्यावरचा संशय नसावा. बहुतेक वेळा नसतो. पैशाच्या बाजूने घराशी त्यांचा संबंध होता, म्हणून ते त्याच बाजूने घरात शिरायला बघतायत.

आता एक गणित करू, रागावू नका. लग्नाला २४ वर्षं, पहिली दोन एकत्र, मग दर दोन वर्षांनी दोन महिने, म्हणजे अकरा सुट्ट्या, बावीस महिने. हे सात महिने धरले तरी तुम्ही दोघं एका छपराखाली जेमतेम साडेचार वर्षं राहिलाय. मुलाच्या वाट्याला तर बाप याआधी दीड-पावणेदोन वर्षं आलाय, तोही सुट्टीतला, चॉकलेटं आणणारा, न ओरडणारा. तो बाप आणि आता सोफ्यावर बसून वायफाय का लावलंय विचारणारा बाप, मुलाला हे दोन वेगळे गृहस्थ वाटले तर त्याचं चुकलं कुठे? लोक म्हणतात घरीच तर आलाय, घरी यायला कसला आलाय ताण. पण ते ज्या घरात आलेत ते त्यांच्याशिवाय चालायला शिकलेलं घर आहे, आणि ते तुम्ही चालवलंय. गॅस, शाळा, सासूबाईंचं आजारपण, घराचं बांधकाम, सगळं. मधेच कुणीतरी येऊन कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागलं तर चीड येणारच. तुम्ही लिहिलंय की घुसमटल्यासारखं होतं आणि असं वाटतं याचीच लाज वाटते. लाज वाटायचं कारण नाही, माझ्यासमोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येक बायकोने हे कधी ना कधी म्हटलंय, बहुतेकींनी नवरा बाहेर गेल्यावर.

आणि कुटुंब का नेलं नाही याचा राग तुमच्या किंवा मुलाच्या मनात असेल तर तोही एकदा बोलून टाका, पण माहिती घेऊन. कुवेतला फॅमिली व्हिसासाठी पगाराची अट असते, २०१६ ला ती २५० दिनारावरून ४५० केली, २०२४ मध्ये ८०० दिनार झाली. टेक्निशियनच्या पगारात ते बसणं कठीण. शिवाय तिथे कितीही वर्षं राहा, इकामा (तिथे राहायचा परवाना) संपला की निघायचं, आपल्या कामगाराला तिथे कायमचं राहायचा रस्ता नाही. म्हणजे परत येणं पहिल्या दिवसापासून ठरलेलंच असतं. गंमत बघा, जे ठरलेलंच आहे त्याची तयारी कुणीच करत नाही, ना जाणारा ना घरचे.

शास्त्रात याच्यावर बरंच लिहिलंय. अमेरिकेत गलाहॉर्न नावाच्या जोडप्याने १९६३ मध्ये मांडलं की परक्या देशात जाताना मन जसं वर-खाली होतं तसंच परत आल्यावर पुन्हा एकदा होतं, आधी आनंद, मग घसरण, मग हळूहळू सावरणं. मला ते पटतं पण जपून वापरते, कारण त्यांनी बघितलेली माणसं शिकायला-शिकवायला परदेशी गेलेली होती, बॅचलर रूममध्ये सहा-आठ जणांत एक बाथरूम वाटून घेणारी नव्हती. त्यापेक्षा मला पॉलीन बॉस या अमेरिकन संशोधक बाईंचं काम जास्त जवळचं वाटतं. त्यांनी १९७० च्या दशकात बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांबरोबर सुरुवात केली. त्यांचं म्हणणं साधारण असं की माणूस घरात नसतो पण सगळ्यांच्या मनात असतो, किंवा उलट, समोर बसलेला असतो पण मनाने तिथे नसतो, या दोन्हींत घरच्यांना दुःख होतं पण रडायला निमित्त मिळत नाही. तुमच्या घरात २२ वर्षं पहिला प्रकार होता, सात महिन्यांपूर्वी रातोरात दुसरा झाला.

आता ज्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या. स्वतःहून ठरवून आलेला माणूस आणि काढून टाकलेला माणूस यांची गाडी वेगळी चालते, तुमचे मिस्टर दुसऱ्यात मोडतात, त्यांना अपमान झाल्यासारखं वाटत असणार आणि ते तुम्हाला सांगणार नाहीत. कर्ज आहे का, दारू आहे का, तिकडे काही वाईट बघितलंय का, यावरही बरंच ठरतं. १२ जून २०२४ ला कुवेतमधल्या मंगाफ भागात कामगारांच्या बिल्डिंगला आग लागली, निदान ४५ भारतीय गेले. तेव्हा तिथे असलेल्या कितीतरी जणांचा कुणी ना कुणी ओळखीचा त्या भागात राहत होता, आणि ही माणसं फोनवर बायकोला ‘मी ठीक आहे’ एवढंच सांगतात. तुम्ही कधी विचारलंय का? विचारून बघा, पण उलटतपासणी नको, गाडीत शेजारी बसलेलं असताना वगैरे, समोरासमोर बसून पुरुष बोलत नाहीत हा माझा अनुभव.

पैशाचं मात्र समोरासमोर बसूनच बोला. कुवेतच्या कायद्याप्रमाणे महिन्याच्या पगारावर असलेल्याला इंडेम्निटी, म्हणजे नोकरी संपताना एकरकमी पैसे मिळतात, पहिल्या पाच वर्षांची दरवर्षी १५ दिवसांचा पगार, पुढच्या प्रत्येक वर्षाला एक महिन्याचा, आणि सगळं मिळून दीड वर्षाच्या पगारापेक्षा जास्त नाही. २२ वर्षं म्हणजे ते कमाल मर्यादेला पोचतात. ती पूर्ण मिळाली का, कमी दिली का, की कुठे देऊन टाकली, हे तुम्हाला माहीत आहे? प्रश्नात लिहिलेलं नाही म्हणून विचारते. रात्री झोप न येणाऱ्या कित्येकांच्या डोक्यात हा एकच आकडा फिरत असतो, घरच्यांना वाटतं भरपूर आहे आणि त्याला एकट्याला माहीत असतं की मुलाचं शिक्षण आणि मुलीचं लग्न यात ते संपणार. दुसरं, कायमचं परत आल्यावर बँकेला कळवून एनआरई खातं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं असतं ते) साधं रेसिडेंट करून घ्यावं लागतं. त्यांनी केलंय का बघा. नसेल केलं तर नुसता आळस समजू नका, ‘सुट्टीवर आलोय’ हेच ते बँकेलाही सांगतायत. आणि पहिलं वर्षभर मोठा पैसा कशात घालू नका, हॉटेल, गाडी, दुकान, मित्राची पार्टनरशिप काहीच नाही. गावाला दाखवायचं म्हणून घाईत टाकलेली दुकानं मी बंद पडताना बघितलीत आणि त्यानंतर जो माणूस माझ्याकडे येतो त्याला सावरणं चौपट अवघड असतं. घरात अजिबात पैसा नसेल तर हा सल्ला लागू नाही, मग महिन्याच्या पगाराची मिळेल ती नोकरी धरावी, पण धंदा नको.

तर करायचं काय. सगळ्यात आधी दोघांनी मिळून एक वाक्य ठरवा जे तुम्ही, ते, सासूबाई, मुलं, सगळे सारखंच सांगतील. ‘आता इथेच आहेत, बघतायत काहीतरी’, एवढं पुरे, का आले कसे आले काही सांगायची गरज नाही. ते ठरल्याशिवाय तुम्ही परस्पर शेजारणीला खरं सांगू नका, तो त्यांना विश्वासघात वाटेल. त्यांना तयार व्हायला वेळ लागेल, चिडतील, मला कुठे लपवायचंय म्हणतील. चालेल. पहिल्यांदा ते वाक्य कुणाला सांगायचं तेही निवडा, गावातला सगळ्यात बोलका माणूस निवडा, म्हणजे बाकीच्यांना सांगायचे कष्ट वाचतील (हे मी गमतीत म्हणत नाहीये, चालतं हे).

मग घरातलं एक खातं पूर्ण त्यांच्याकडे द्या. पूर्ण म्हणजे पूर्ण, त्यात तुम्ही बोट घालायचं नाही, उशीर झाला, चुकलं तरी. लाईट बिल, पाण्याचा पंप, कलमांची राखण, सासूबाईंची औषधं आणि डॉक्टर, यातलं काहीतरी. आणि त्याच्या बदल्यात किराणा आणि स्वयंपाकघर हे तुमचं खातं, तिथे त्यांनी बोट घालायचं नाही. मानाचं पान वाढून बसवून ठेवू नका, सात महिने तुम्ही सगळ्यांनी त्यांना पाहुण्यासारखं जपलंय आणि मग तक्रार करताय की ते पाहुण्यासारखे वागतात. हातात कसब आहे त्यांच्या, एसीचं काम मे महिन्यात खेड-चिपळूण-दापोलीत मिळणार नाही असं होणारच नाही, पण फोरमन राहिलेल्या माणसाला परत शिडीवर चढायची लाज वाटू शकते, तेव्हा मागे लागू नका. कुणा ओळखीच्याने स्वतःहून ‘जरा बघून देता का’ म्हटलं तर सुरुवात चांगली होते. ते ओळखीचे तुम्ही गुपचूप तयार केलेत तर मी कुणाला सांगणार नाही.

मुलाच्या बाबतीत माझं मत जरा कडक आहे. इतकी वर्षं बाप-मुलाचं बोलणं तुमच्या हातातल्या फोनवरून व्हायचं, ‘बाबांना सांग परीक्षा कशी झाली’, आणि अजूनही तुम्हीच निरोप इकडून तिकडे नेताय. ते थांबवा. बाबांना काय म्हणायचंय ते बाबा सांगतील, तुला काय हवंय ते तू त्यांच्याकडे माग. सुरुवातीला भांडण होईल. होऊ दे, १९ वर्षांच्या मुलाचं आणि बापाचं भांडण हे अबोल्यापेक्षा बरं असतं, फक्त हात उचलला जाणार नाही एवढं बघा. मुलीबद्दल तुम्ही फारसं लिहिलं नाही, ती १४ ची आहे आणि सगळ्यांशी गोड वागते एवढंच म्हणता. अशा मुलांकडे घरात कुणाचं लक्ष नसतं, तिच्याशीही एकदा बोला.

सासूबाई देवाला गाऱ्हाणं घालायचं म्हणत असतील तर घालू द्या, दर्ग्यात जायचं असेल तर जाऊ द्या, त्याने काही बिघडत नाही आणि घरातून एक माणूस काहीतरी करतोय याचा मिस्टरांनाही आधार वाटतो. फक्त दोन गोष्टींना ठाम नाही म्हणा, पैसे मागणारा बुवा, आणि डॉक्टरऐवजी हे.

डॉक्टरकडे मात्र या आठवड्यात जा. मनाचं नंतर, आधी शरीराचं. शुगर, बीपी, थायरॉईड, बी१२, व्हिटॅमिन डी. पन्नाशीजवळ आलेला, इतकी वर्षं मेसचं जेवण जेवलेला माणूस, झोप नाही आणि चिडचिड आहे तर हे आधी तपासायलाच हवं. ते सगळं नीट निघालं तर मग मनाकडे. नवीन परिस्थितीशी जुळवून घेताना येणारा ताण साधारण सहा महिन्यांत ओसरायला हवा असं निदानाच्या पुस्तकात असतं, पण त्यात अट अशी की मूळ कारण संपलेलं हवं. तुमच्याकडे कारण रोज नव्याने चालू आहे, म्हणून सात महिने झाले तरी मी घाबरून जाणार नाही. डिप्रेशनची शंका कधी घ्यायची, तर सलग दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ मन खाली, आधी आवडायचं त्यात रस नाही, जेवण-झोप बिघडलेली, आपण निरुपयोगी आहोत असं बोलणं. आणि ‘माझ्यामागे तुमचं बरं होईल’, ‘विम्याचे पैसे मिळतील’ असं काही बोलले किंवा अचानक सगळे कागद नीट लावून द्यायला लागले तर थांबायचंच नाही, त्यांना एकटं सोडू नका, घरातली फवारणीची औषधं हलवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल. फोनवर बोलायचं असेल तर टेली मानस १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आणि मराठीत बोलता येतं.

परत जाण्याबद्दल. मी जाऊ नका म्हणणाऱ्यांपैकी नाही. काही माणसं पुन्हा दोन-तीन वर्षं जातात, मुलांचं शिक्षण पूर्ण करतात आणि दुसऱ्यांदा परत येतात ती नीट येतात, कारण त्यावेळी घरात आधी बोलणं झालेलं असतं. पण झोप नसलेल्या, लोकांच्या प्रश्नाला टाळणाऱ्या माणसाने घेतलेला निर्णय हा जायचा निर्णय नसतो, तो इथून सुटायचा असतो. म्हणून आधी ते वाक्य गावात सांगून होऊ दे, दोन-तीन महिने जाऊ देत, झोप यायला लागू दे, मग विचारा. तेव्हाही जायचं म्हणाले तर हातात लेखी कॉन्ट्रॅक्ट, एजंट ई-मायग्रेटवर (परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीची सरकारी वेबसाईट) नोंदलेला, व्हिजिट व्हिसावर कामाला जाणं अजिबात नाही, आणि परत कधी यायचं ते साल दोघांनी आत्ताच ठरवायचं. केरळात परत येणाऱ्यांसाठी सरकारचं नॉर्का खातं आहे, धंद्याला कर्ज देणारी एनडीप्रेम नावाची योजना आहे, तिथला माणूस निदान एका खिडकीवर जाऊन उभा तरी राहू शकतो. माझ्याकडे येणाऱ्यांना मी अशा कुठल्या खिडकीवर अजून पाठवू शकलेली नाही, त्यामुळे आपल्याकडे हे सगळं घरालाच करावं लागतं.

आणि ते डॉक्टरकडे यायला तयारच नसतील तर तुम्ही एकट्या जा. हे चालतं, आम्ही परत पाठवत नाही. झोप तुमचीही उडालेली आहे, तेवढ्यासाठी जा. प्रायव्हेट परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाहेरून येणारे पेशंट बघतात. त्या नावाला लोक घाबरतात हे मला माहीत आहे, पण ओपीडीत दाखवलं म्हणजे भरती करून घेतात असं अजिबात नाही. केसपेपर काढायचा, बोलायचं, औषध लागलं तर घ्यायचं आणि संध्याकाळच्या एसटीने घरी यायचं.